अडेनियमची मुळं छाटून कुंडी बदलायची आहे, नागपुरात आत्ता करू की थांबू?

स्वाती_प्रतापनगर
१७ फेब्रुवारी

नमस्कार. गच्चीवर दोन अडेनियम (फुगीर बुंध्याची फुलझाडं) आहेत.

पहिलं कलमी, दुहेरी गुलाबी फुलांचं, १० इंची प्लास्टिकच्या कुंडीत. तीन वर्षं माती बदललेली नाही. कुंडी एका बाजूने फुगली आहे, खालच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत. पाणी घातलं की आधी वर साचतं आणि मग कडेने सरळ खाली निघून जातं.

दुसरं बियांपासूनचं, साधारण दोन वर्षांचं, ६ इंची मातीच्या कुंडीत. त्याचा बुंधा दोन-अडीच इंच जाड आहे.

विचारायचं असं की, हे आत्ता करावं की पावसाळ्याची वाट पाहावी? मुळं किती छाटलेली चालतात? माती कशी करायची? आणि छाटल्यावर पाणी कधी द्यायचं? कोणी दुसऱ्याच दिवशी म्हणतं, कोणी पंधरा दिवसांनी. बुंधा वर उचलून लावायचा असतो हे माहीत आहे, पण किती, ते नाही.

---

बोन्साय_धंतोली
१७ फेब्रुवारी

ताई, वेळ अगदी बरोबर गाठली आहे. नागपुरात या कामाला वर्षातून एकच चांगली संधी मिळते, थंडी ओसरल्यापासून ऊन चटके द्यायला लागेपर्यंतची. म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते होळीच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत अडेनियम झोपलेलं असतं, तेव्हा मूळ कापलं तर जखम भरायची ताकदच त्याच्यात नसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा मुळं नसलेलं झाड पानांतून उडालेलं पाणी भरून काढू शकत नाही. मार्चमध्ये दिवसा ३५-३६ आणि रात्री १८-२० असतं. नवी मुळं फुटायला याच्याइतकं सोयीचं हवामान नाही.

आता काम कसं करायचं ते.

काढण्याआधी सात-आठ दिवस पाणी पूर्ण बंद. माती कोरडी झाली की मुळंही थोडी ढिली पडतात, वाकतात, तुटत नाहीत. पाण्याने टरारलेलं जाड मूळ हात लागताच मोडतं आणि ती जखम वेडीवाकडी असते.

प्लास्टिकची कुंडी चारी बाजूंनी दाबून आडवी करा. निघत नसेल तर बुंधा धरून ओढू नका, कुंडी कापा. मातीच्या कुंडीचं तोंड आत वळलेलं असेल तर ती फोडा. कुंडी दुसरी मिळते.

मातीचा गोळा लाकडी काडीने बाहेरून आत मोकळा करत जा. बहुतेक माती पडली की पाइपच्या पाण्याने मुळं स्वच्छ धुवा. यात भिण्यासारखं काही नाही, कारण अजून काप घेतलेला नाही आणि पुढे वाळवायचंच आहे. धुतल्याशिवाय मुळाचा रंग कळत नाही आणि रंग पाहिल्याशिवाय चाकू हातात घेऊ नये.

छाटणीचा क्रम असा ठेवा:

१. केसासारखी बारीक मुळं सगळी काढा. ती वाळताना मरणारच असतात आणि ओल्या मातीत कुजून जाड मुळाला लागण करतात.
२. कुंडीच्या भिंतीला धरून गोल फिरलेली मुळं जिथून वळली तिथे कापा.
३. सरळ खाली जाणारी मुळं बुंध्याच्या तळाशी सपाट कापा. उथळ कुंडीत बसवायचं असेल तर याला पर्याय नाही. खाली जाणारं मूळ गेलं की आडव्या मुळांना जोर येतो.
४. एकमेकांवरून गेलेल्या मुळांपैकी बारीक असेल ते काढा.
५. बाजूंना पसरलेली जाड मुळं ठेवा. फार लांब असतील तर टोकं तिरकी कापा, काप खालच्या बाजूला येईल अशी.

किती छाटायचं? झाड टणक असेल तर बारीक मुळं शंभर टक्के गेली तरी ते तगतं, कारण पाणी बुंध्यात आणि जाड मुळांत साठवलेलं असतं. जाड मुळांपैकी मात्र एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नका. उरलेली पुढच्या खेपेला, दोन वर्षांनी.

चाकू धारदार हवा, प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसा. बोटाहून जाड मुळाला हॅक्सॉचं पातं चालतं, पण नंतर कडा चाकूने तासून गुळगुळीत करा. फाटलेल्या धाग्यांत ओल धरून राहते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

आणि हातमोजे घाला. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं आहे, चीक विषारी असतो. आफ्रिकेत शिकारी तो बाणांच्या टोकांना लावत असत. डोळ्याला हात लावायचा नाही आणि छाटलेल्या फांद्या-पानं गाई-बकऱ्या तोंड घालतील अशा ठिकाणी टाकायची नाहीत.

चीक वाहायचा थांबेपर्यंत काप पाण्याने धुवा, कोरड्या कापडाने टिपा. मग ‘साफ’ नावाचं बुरशीनाशक (कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं) चार थेंब पाण्यात कालवून त्याचा लेप लावा.

त्यानंतर सावलीत, वारा लागेल अशा जागी वर्तमानपत्रावर आडवं ठेवून द्या. पाण्याच्या प्रश्नावर सगळे वेगवेगळं सांगतात ते या वाळवण्यामुळेच. कोकणात, मुंबईत दमट हवेत काप वाळायला दहा-बारा दिवस लागतात. आपल्याकडे मार्चची हवा कोरडी, त्यामुळे पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप चार दिवसांत तयार होतो, रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल तर सात-आठ. दिवस मोजण्यापेक्षा काप पाहा. नख दाबलं तर रुतत नाही, बोटाला चिकट लागत नाही, कडा किंचित आत ओढल्या गेल्या आहेत, म्हणजे झालं. कापल्याने झाड मरत नाही. ओल्या कापावर ओली माती लागली की मरतं.

---

रेती_गिट्टी
१७ फेब्रुवारी

मातीचं मी सांगतो.

शेतातली किंवा प्लॉटवरची काळी माती एक मूठसुद्धा नको. भिजली की फुगते, वाळली की आवळते आणि भेगा पडतात. ताईंच्या कुंडीत पाणी कडेने निघून जातं त्याचं कारण हेच दिसतं. मुळांचा आणि मातीचा घट्ट गोळा कुंडीपासून सुटलाय आणि आतला भाग भिजतच नाहीये.

१२ इंच रुंद आणि ५ इंच खोल थाळीसारख्या कुंडीला साधारण ७ लिटर मिश्रण लागतं. लिटरच्या डब्याने मोजा:

कन्हान नदीची जाड रेती ३ डबे
लाल विटेचे तुकडे २ डबे
जाळलेला धानाचा तूस किंवा कोकोपीट १ डबा
चाळलेलं गांडूळखत १ डबा
निंबोळी पेंड दोन मुठी

रेती पिठाच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ती टाकून द्या, वर राहील ती घ्या. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. बांधकामावरून आणलेल्या रेतीत गाळ बराच असतो. न धुता वापरली तर तो गाळ महिन्याभरात तळाशी बसून भोकं बंद करतो. जाड रेती मिळाली नाही तर गिट्टीची ३ ते ५ मिमीची चुरी चालते, तीही धुऊनच. चुरीची पूड नको.

विटेबद्दल नीट पाहा. आता नागपुरात बहुतेक बांधकामांवर राखेच्या करड्या विटा असतात. त्यात सिमेंट किंवा चुना असतो, मिश्रण अल्कधर्मी होतं आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. भट्टीत भाजलेली लाल वीटच फोडा. तुकडे हरभऱ्याएवढे ते बोराएवढे.

कोकोपीटपेक्षा माझं मत तुसाच्या बाजूने आहे. कोकोपीट मे महिन्यात एकदा खडखडीत वाळलं की पाणी धरतच नाही, वरून ओघळून जातं. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधला तूस इकडे सहज मिळतो. तो काळा होईपर्यंत जाळायचा, पांढरी राख होऊ द्यायची नाही. काळा झाला की लगेच पाणी मारून विझवा आणि वाळवून घ्या.

तयार मिश्रणाची परीक्षा: ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा आपोआप ढासळला पाहिजे. कुंडीत भरून तांब्याभर पाणी ओतलं तर वर तळं न साचता उतरलं पाहिजे.

तळाला खापऱ्यांचा किंवा गिट्टीचा जाड थर घालू नका. बारीक मिश्रणातलं पाणी जाड थरात सहज उतरत नाही, त्या सीमेवरच अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर नायलॉन जाळीचा तुकडा ठेवा आणि तळापासून एकच मिश्रण भरा.

---

मनीषनगरची_गच्ची
१८ फेब्रुवारी

मृग लागल्यावर केलं तर नाही का चालणार? हवेत ओल असते, ऊन कमी होतं, बाकी सगळी झाडं तेव्हाच जीव धरतात. मार्चमध्ये केलं तर दोन महिन्यांत नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) समोर उभा.

---

बोन्साय_धंतोली
१८ फेब्रुवारी

गुलाब, जास्वंद, मोगरा यांना तुमचं म्हणणं पूर्ण लागू आहे, कारण त्यांची मुळं कापल्यावर पानं कोमेजणं हा धोका असतो. अडेनियमचा धोका उलटा आहे. त्याच्याकडे पाण्याचा साठा आहे, त्याला जखम वाळायला कोरडी हवा लागते. जुलैत आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हवा ओलीच. तेव्हा काप चिकटच राहतो आणि आतून कुज चढते. वरून झाड पंधरा-वीस दिवस ठणठणीत दिसतं, बुंधा मऊ लागतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

मुळं न कापता फक्त मोठ्या कुंडीत सरकवायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आत चालेल. ताईंचं दोन वर्षांचं रोप तसं करता येईल. पण मार्चमध्ये केलं तर त्याचंही सरळ मूळ कापून बुंध्याला आत्ताच आकार देता येईल. लहानपणी केलेली ही छाटणी फार उपयोगी पडते.

नवतप्याचा मुद्दा मात्र खरा आहे. म्हणूनच म्हणतो, होळीच्या पुढे नेऊ नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावलेल्या झाडाला मेअखेरपर्यंत मुळं धरायला पुरेसा वेळ मिळतो.

---

स्वाती_प्रतापनगर
२७ फेब्रुवारी

पाणी बंद करून आज मोठं झाड काढलं. प्लास्टिकची कुंडी कापावीच लागली. धुतल्यावर दोन गोष्टी दिसल्या, म्हणून अजून चाकू लावलेला नाही.

एक, तळाचं एक जाड मूळ तपकिरी आणि मऊ आहे, दाबलं की पाणी सुटतं. बाकी मुळं मळकट पांढरी आणि टणक. दोन, काही मुळांच्या सांध्यात आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर कापसासारखे पांढरे ठिपके आहेत. ही बुरशी आहे का? बुंधा थोडा दबतो, पण सगळीकडे सारखाच.

---

बोन्साय_धंतोली
२७ फेब्रुवारी

बुंधा सगळीकडे सारखा दबतो म्हणजे झाड तहानलेलं आहे, दहा दिवस पाणी नाही म्हणून. कुज असती तर एकाच जागी मऊ लागला असता, त्या जागेची साल सुरकुतून गडद झाली असती आणि आंबूस वास आला असता.

त्या मऊ मुळापासूनच सुरुवात करा, पण छाटणीच्या बाकी कामापेक्षा वेगळ्या चाकूने किंवा चाकू दर वेळी पुसून. टोकाकडून बुंध्याकडे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चकत्या काढत या. प्रत्येक चकतीनंतर काप पाहा. ताज्या कापलेल्या मुळ्यासारखा पांढरा, रसरशीत, एकही डाग नसलेला काप दिसला की थांबायचं. मधोमध तपकिरी ठिपका किंवा सालीच्या आत बारीक तपकिरी रेघ दिसत असेल तर आणखी पुढे जा, मग बुंध्यात शिरावं लागलं तरी. मुळाचा आकार वाचवायला तो ठिपका सोडला तर तोच ठिपका पुढे सगळं झाड खातो. बुंध्यात खड्डा करावा लागला तर तो खालून उघडा राहील असा तिरका कापा, आत पाणी साचायला नको. आणि वाळवायला बारा-पंधरा दिवस द्या. बुंधा तेवढा वेळ सहज काढतो.

---

रेती_गिट्टी
२७ फेब्रुवारी

पांढऱ्या ठिपक्यांपैकी एक काडीने चिरडून पाहा. चिकट ओल किंवा लालसर-नारिंगी रस निघाला तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण. कोरडी पूड झाली तर बोअरच्या पाण्यातले क्षार. कुंडीभोवती मुंग्या फिरत असतील तर पहिलंच समजा.

पिठ्या ढेकूण असेल तर काप घेण्याआधी उपाय करा: पाइपच्या जोरदार धारेने सांधे धुवा, मग इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक, लिटरला अर्धा मिली, या पाण्यात फक्त मुळं १५-२० मिनिटं बुडवा. काढून दिवसभर सावलीत ठेवा, छाटणी दुसऱ्या दिवशी. ही बादली नंतर स्वयंपाकघरात किंवा न्हाणीत वापरू नका. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, शेजारच्या कुंड्यांचीही मुळं तपासा.

---

स्वाती_प्रतापनगर
२८ फेब्रुवारी

चिरडल्यावर नारिंगी रस निघाला. काल औषधात बुडवलं, आज छाटलं. मऊ मूळ तीन चकत्यांत स्वच्छ पांढरं लागलं, बुंध्यापर्यंत जावं लागलं नाही. आता लेप लावून वाळत ठेवलंय. लावताना बुंधा किती वर घ्यायचा आणि फांद्याही कापायच्या का?

---

त्रिमूर्तीनगर_कलम
२८ फेब्रुवारी

एका वेळी इंचभर, फार तर दीड. मातीखालची साल पातळ आणि फिकट असते, तिने ऊन पाहिलेलं नसतं. एकदम तीन इंच उघडी केली तर आपल्या उन्हात पश्चिमेकडची बाजू भाजते. आधी तांबूस डाग, मग तिथे खोलगट पापुद्रा, आणि पावसाळ्यात त्याच जागी कुज. उघड्या झालेल्या भागाला पहिला महिना ओल्या गोणपाटाऐवजी कोरड्या कापडाची पट्टी सैल गुंडाळा. झाडाची आधीची पश्चिम बाजू लक्षात असेल तर लावताना तीच पश्चिमेकडे ठेवा.

फांद्या: मुळं बरीच काढली आहेत म्हणून पानं निम्मी उतरवा आणि लांबलेल्या फांद्या तिसरा हिस्सा कापा. फुलं नव्या शेंड्यांवर येतात, त्यामुळे नुकसान काही नाही. कलमाचा सांधा मात्र ओळखा. सांध्याच्या वर किमान तीन इंच फांदी ठेवा. सांध्याखालून फुटलेले कोंब खुडून टाका. ते मूळ रोपाचे असतात, जोमाने वाढतात आणि दुहेरी गुलाबी फांदी मागे पडते.

लावताना कुंडीच्या मध्यावर मिश्रणाचा उंचवटा करा, त्यावर जुनी सीडी किंवा फरशीचा गोल तुकडा, त्यावर झाड. मुळं चारी बाजूंना पसरवा, मध्ये पोकळी राहू नये म्हणून काडीने मिश्रण टोचत भरा. मग सुतळीने बुंधा कुंडीला आडवा-उभा बांधा. हे लोक हमखास टाळतात. झाड वाऱ्याने हललं की नव्याने फुटलेली केसाएवढी मुळं तुटतात, आणि महिना झाला तरी पालवी का नाही असा प्रश्न पडतो.

पाणी: कोरड्या मिश्रणात लावा, चार-पाच दिवस काहीच नाही. मग पहिलं पाणी खालच्या भोकांतून वाहीपर्यंत, लिटरला २ ग्रॅम ‘साफ’ घालून. त्यापुढे लाकडी काडी दोन इंच खोचायची, कोरडी निघाली तरच पाणी. पहिल्या पंधरवड्यात उरलेली जुनी पानं पिवळी पडून गळतील. ते पाहून पाणी वाढवू नका. नवे शेंडे तीन-चार आठवड्यांत दिसतात, तोवर खत नाही. नंतर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पारा ४२ च्या वर असताना तेही बंद.

ऊन: दहा-बारा दिवस उजेडाची सावली, मग सकाळी दहापर्यंतचं ऊन, मग हळूहळू वाढवत न्या. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत यंदापुरतं ५० टक्क्यांच्या हिरव्या नेटखाली ठेवा. कुंडी थेट स्लॅबवर नको, चार विटांवर उचला. तापलेल्या स्लॅबवर मुळं खालून शिजतात. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची सवय इथे घरोघरी आहे, ते अडेनियमला अजिबात नको. रोज वाफ होऊन त्यात क्षार साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात.

---

स्वाती_प्रतापनगर
२८ फेब्रुवारी

छोट्या रोपाला १२ इंचीच थाळी घेऊ का, म्हणजे पुन्हा बदलायला नको?

---

रेती_गिट्टी
१ मार्च

नको. दोन-अडीच इंचाच्या बुंध्याला ८ इंची पुरे. मुळांच्या टोकापासून कुंडीच्या काठापर्यंत दीड-दोन इंच जागा ठेवायची, त्याहून जास्त नाही. जिथे मुळं पोहोचलेली नाहीत तिथली ओल कोणी शोषत नाही, ती तशीच राहते, आणि जुलैत त्याच कोपऱ्यातून कुज सुरू होते. थाळीला खाली पाच-सहा भोकं आहेत ना ते पाहून घ्या, बऱ्याच थाळ्यांना एकच असतं. सिमेंटची असेल तर ड्रिलने पाडता येतात, पण नवी सिमेंटची कुंडी आधी आठवडाभर पाण्यात बुडवून, पाणी दोन-तीनदा बदलून मगच वापरा. नाहीतर राखेच्या विटेचाच त्रास होतो.